सोयाबीनला जिवाणू कल्चर लावायचं की डीएपीच वाढवायचं? (उमरेड, भारी जमीन)

धुऱ्यावरचा | ५ जून, रात्री ९.१२

राम राम मंडळी. नोकरी नागपुरात, वावर उमरेडकडे. शनिवार-रविवारचा शेतकरी समजा. यंदा सोयाबीन, अन् मधात तुरीच्या ओळी.

घरात तीन मतं आहेत. बाबा म्हणतात डीएपीची (नत्र-स्फुरदाचं रासायनिक खत) एक थैली वाढव. भाचा कृषी पदविका करून राहिला, तो म्हणते मामा रायझोबियम (हवेतलं नत्र बांधणारे जिवाणू) आणि पीएसबी (स्फुरद विरघळवणारे जिवाणू) लावा, युरियाला हात लावू नका. तिसरं मत घरातलं नाही, पण रोज ऐकावं लागते, कृषी केंद्रवाल्याचं: "साहेब, ते पाकीट म्हणजे कोळशाची पूड हो. त्यानं पुण्य लागते, पीक नाही."

मातीचा अहवाल असा: सामू (पीएच) ८.१, सेंद्रिय कर्ब ०.४२ टक्के, उपलब्ध स्फुरद (फॉस्फरस) कमी, पालाश (पोटॅश) भरपूर, मुक्त चुना जास्त. या वावरात वर्षानुवर्षं सोयाबीन आहे, कल्चर कधीच लावलं नाही. ज्यांनी लावलं त्यांनी अनुभव सांगा. जाहिरात नको, प्लीज.

पऱ्हाटीवाला_सावनेर | ५ जून, रात्री ९.३०

लावलं ना भाऊ मागच्या साली. काही फरक नाही पडला. पाकिटाचे पैसे गेले अन् पेरणीची एक सकाळ गेली.

मृदगंध | ५ जून, रात्री १०.०५

पऱ्हाटीवाला भाऊ, फरक नाही पडला हे कशावरून ठरवलं? शेजारी दोन तास, म्हणजे पेरणीच्या ओळी, कोरे ठेवले होते का?

पऱ्हाटीवाला_सावनेर | ५ जून, रात्री १०.११

कोरे कायले ठेवू ताई? लावायचं तर साऱ्या वावरालेच लावन माणूस.

मृदगंध | ६ जून, सकाळी ७.२०

तीच तर अडचण आहे. "लय फरक पडला" म्हणणाराही असाच साऱ्या वावराला लावतो आणि मागच्या वर्षीशी तुलना करतो. मागच्या वर्षी पाऊस वेगळा, वाण वेगळा. तुमचं "नाही" आणि त्याचं "हो" दोन्ही हवेतच.

धुऱ्यावरचा, सविस्तर लिहिते. मी मृदाशास्त्राची, महाराजबागेजवळच्या कृषी महाविद्यालयात शिकले, पुढे बरीच वर्षं प्रयोगशाळेत प्लेटवरच्या जिवाणूंच्या वसाहती मोजण्यात गेली.

तुमचा दुकानदार अर्धं खरं बोलला. पाकिटात कोळशाची पूड असतेच, बहुतेक लिग्नाइटची. ती नुसती वाहक, जिवाणूंना धरून ठेवायला. प्रश्न एवढाच की तिच्यात जिवंत किती उरलेत. १९८५ च्या खत नियंत्रण आदेशात जिवाणू खतं २००६ साली आली. त्यातलं मानक असं: पावडर असेल तर ग्रॅममागे किमान ५ कोटी जिवंत पेशी, द्रवरूप असेल तर मिलिलिटरमागे १० कोटी. कारखान्यातून निघताना तेवढ्या असतीलही. पण नंतर तेच पाकीट एप्रिल-मे महिन्यात आपल्याकडच्या टिनाच्या गोदामात पडून राहतं. बाहेर ४५ अंश, आत त्याहून जास्त. डीएपीची थैली त्या उन्हात डीएपीच राहते. कल्चरचं पाकीट मात्र दुकानदार म्हणतो तेच होऊन बसतं.

म्हणून घेताना तयार केल्याची तारीख बघा, मुदत बघा, आणि रायझोबियमच्या पाकिटावर पिकाचं नाव आहे का ते आधी बघा. सोयाबीनचा ब्रॅडीरायझोबियम जॅपोनिकम वेगळा, हरभऱ्याचा मेझोरायझोबियम वेगळा. एकाचं पाकीट दुसऱ्याला चालत नाही. नुसतं "रायझोबियम" लिहिलेलं असेल तर परत करा. जमलं तर द्रवरूप घ्या, ते पावडरीपेक्षा जास्त टिकतं. अमरावती रोडवर केंद्र सरकारचं सेंद्रिय शेतीचं प्रादेशिक केंद्र आहे, वर्धा रोडला कापूस संशोधन संस्थेच्या आवारात कृषी विज्ञान केंद्र आहे. ताजं कल्चर कुठे मिळेल हे तिथे विचारलेलं बरं.

नागपुरी_नाना | ६ जून, सकाळी ८.०२

मृदगंध ताई, एक भाबडा प्रश्न. हवेत ७८ टक्के नत्र आहे. हे जिवाणू ते फुकटात काढून देत असतील तर एवढे युरियाचे कारखाने कशाला काढले सरकारनं? आणि हे कोणाला सुचलं आत्ता?

मृदगंध | ६ जून, सकाळी ९.४५

नाना, आत्ता नाही सुचलं. हॉलंडच्या बायेरिंकनं १८८८ साली शेंगावर्गीय पिकांच्या मुळांवरच्या गाठींमधला जिवाणू वेगळा काढला. हवेतलं नत्र त्या गाठींतच बांधलं जातं. १८९६ मध्ये जर्मनीत त्याचं कल्चर 'नायट्राजिन' नावानं विकायलाही आलं होतं. म्हणजे ही पाकिटं युरियाच्या कारखान्यांपेक्षा जुनी.

आणि फुकट तर मुळीच नाही. हवेतल्या नत्राच्या दोन अणूंमधला तिहेरी बंध तोडायला एका रेणूमागे किमान १६ एटीपी (पेशीतलं ऊर्जेचं चलन) खर्च होतात. ती ऊर्जा झाड देतं, पानात बनवलेली साखर मुळाशी पाठवून. त्यामुळे झाडही हिशेबी असतं. जमिनीत तयार नायट्रेट मिळत असेल तर ते गाठी धरूच देत नाही, धरलेल्या पोसत नाही. म्हणून भाच्याचं युरियाबद्दलचं म्हणणं सोयाबीनपुरतं बरोबर आहे. पेरताना थोडं नत्र लागतं, गाठी काम सुरू करेपर्यंतचं. ते डीएपीच्या एका थैलीत ९ किलो असतंच. वरून युरिया फेकला की तुम्ही कल्चरचे पैसे दिले आणि कल्चरला सुट्टीही दिली.

नागपुरी_नाना | ६ जून, सकाळी ९.५८

सुट्टीवाली गोष्ट पटली. पुढे चालू द्या.

जीवामृत_आर्वी | ६ जून, दुपारी १२.४०

पाकीट विकत आणायची गरजच काय? जीवामृत करा. देशी गाईचं १० किलो शेण, गोमूत्र, २ किलो गूळ, २ किलो बेसन, धुऱ्यावरची मूठभर माती, २०० लिटर पाणी. अब्जावधी जिवाणू घरीच. नैसर्गिक शेतीवाले पाळेकर गुरुजी आपल्याच विदर्भातले आहेत, लोकांना मात्र प्रयोगशाळेचा शिक्का लागतो.

मृदगंध | ६ जून, दुपारी १.१५

दादा, अब्जावधी असतात, कबूल. कोणते, ते कोणी मोजत नाही. त्या २०० लिटरमध्ये सोयाबीनचा ब्रॅडीरायझोबियम असेलच याची खात्री नाही. असला तरी तो मूठभर मातीतून आलेला, म्हणजे तुमच्या वावरात आधीच होता. गूळ-बेसनावर जे सगळ्यात लवकर वाढतात त्यांचीच तिथे चलती. जीवामृत देऊ नका असं मी म्हणत नाही, पण ते रायझोबियमच्या जागी धरू नका.

जीवामृत_आर्वी | ६ जून, दुपारी १.२२

अनुभव प्रयोगशाळेपेक्षा मोठा असतो ताई. असो.

धुऱ्यावरचा | ६ जून, संध्याकाळी ६.५०

जीवामृताचा वाद दुसऱ्या धाग्यावर न्या ना प्लीज.
ताई, मग पीएसबीचं काय? माझ्या अहवालात स्फुरदच कमी आहे.

मृदगंध | ७ जून, सकाळी ७.१०

इथे मी भाच्यापेक्षा जरा कमी उत्साही आहे.

आपल्या काळ्या जमिनीत स्फुरद नसतो असं नाही. असतो, पण चुन्यानं बांधलेला. तुम्ही डीएपी टाकता, त्यातला पिकाला थोडाच मिळतो, उरलेला कॅल्शियमसोबत घट्ट बसतो. बाबांनी एक थैली वाढवली तर त्या थैलीचंही तेच होईल. पीएसबी, म्हणजे बॅसिलस मेगाटेरियम किंवा स्युडोमोनास स्ट्रायटासारखे जिवाणू, ग्लुकोनिक, सायट्रिक अशी सेंद्रिय आम्लं सोडतात आणि हा बांध सैल करतात. प्रयोगशाळेत ते फार सुंदर दिसतं. पिकोव्स्कायाच्या माध्यमावर (हे जिवाणू वाढवायचं खाद्य) वसाहतीभोवती स्वच्छ पारदर्शक कडं तयार होतं. पहिल्यांदा बघितलं तेव्हा मला वाटलं स्फुरदाचा प्रश्न सुटला.

पण प्लेटमध्ये चुना मोजून टाकलेला असतो, वावरात तो अमर्याद असतो. जिवाणूनं सोडलेलं आम्ल स्फुरदापर्यंत पोचायच्या आत चुनाच खाऊन टाकतो. शिवाय आम्ल बनवायला त्याला खायला सेंद्रिय कर्ब लागतो, आणि तुमचा आहे ०.४२. उपाशी कामगार आणून काय करणार? म्हणून सामू ८ च्या वर, चुनखड जमीन, कर्ब अर्ध्या टक्क्याखाली असेल तर नुसतं पीएसबी बियाण्याला चोळून मोठी आशा ठेवू नका. चांगलं कुजलेलं शेणखत थोडं ओलं करून त्यात मिसळा, सावलीत चार-आठ दिवस झाकून ठेवा, मग तासात मुळाजवळ पडेल असं द्या. स्फुरद सुटला तर तिथेच सुटेल, मुळाच्या चार-दोन मिलिमीटरच्या परिसरात. साऱ्या वावराचा सामू बदलायची ताकद त्यांच्यात नाही.

आणि पालाश भरपूर असताना कोणी पोटॅश विरघळवणाऱ्या जिवाणूंची बाटली गळ्यात मारत असेल तर नमस्कार करून निघा.

संत्रा_काटोल | ७ जून, सकाळी ८.३३

आमच्याकडे तर आता बाटल्यांचा पूर आला आहे. एकात सात प्रकारचे जिवाणू, वर सोनेरी लेबल. डिंक्यासाठी (फायटोफ्थोरा) स्युडोमोनास फ्लुरोसन्स अन् ट्रायकोडर्मा मात्र मी दरवर्षी देतो. अमरावती रोडच्या लिंबूवर्गीय संस्थेत गेलो होतो तेव्हापासून. बुंध्याला बोर्डो मलम लावतो १:१:१० चं. ताई, हे दोन्ही सोबत चालते का?

मृदगंध | ७ जून, सकाळी ९.००

चालतं, पण जागा वेगळी ठेवा. मलम बुंध्याला, जिवाणू आळ्यात, फांद्यांच्या घेराखाली. संत्र्याची खाणारी मुळं वरच्या फूटभर मातीतच असतात, तिथे शेणखतासोबत द्या, पाऊस लागल्यावर. बोर्डोचं उरलेलं पाणी आळ्यात ओतू नका, त्यातलं तांबं जिवाणूंना मारतं. ट्रायकोडर्मा जिवाणू नाही, बुरशी आहे, म्हणजे रासायनिक बुरशीनाशकाची आळवणी केली की तोही गेला.

गच्चीतली_बाग | ७ जून, सकाळी १०.१५

धरमपेठेत गच्चीवर वांगी, टोमॅटो, मिरची आहे. मी पण अ‍ॅझोटोबॅक्टर (नत्र बांधणारं जिवाणू खत) आणू का? 😊

मृदगंध | ७ जून, सकाळी १०.२०

चांगलं कंपोस्ट आणा. कुंडीत तेवढं पुरतं.

पऱ्हाटीवाला_सावनेर | ७ जून, दुपारी २.४०

अ‍ॅझोटोबॅक्टर निघालंच आहे तर सांगा ना. पऱ्हाटीले (कपाशीले) तेच लावाले सांगतात. त्यानं अर्धा युरिया वाचते म्हणे. खरं हाय का?

मृदगंध | ७ जून, दुपारी ३.३०

अर्धा नाही भाऊ. अ‍ॅझोटोबॅक्टर मोकळा राहतो, त्याला गाठीसारखं घर नाही आणि झाडाकडून साखरेचा थेट रतीब नाही. मातीत जे सापडेल त्यावर जगायचं आणि त्यातूनच नत्र बांधायचा, त्यामुळे बांधतो थोडा. पऱ्हाटीत त्याचा जो गुण दिसतो तो बराचसा संप्रेरकांचा असतो. तो ऑक्सिनसारखी द्रव्यं सोडतो, सुरुवातीला मुळं जास्त फुटतात, आणि जास्त मुळं म्हणजे जास्त ओल, जास्त खत उचलणं. हलक्या बरड जमिनीत, शेणखत असेल तर, रोप उठावदार दिसतं. युरिया कमी करायचाच असेल तर आधी थोडा, तोही एका पट्ट्यात. पुस्तकात हेक्टरी २०-२५ किलो नत्र वाचतं असं लिहिलेलं असतं, पण कोरडवाहू पऱ्हाटीत तो आकडा मी गृहीत धरणार नाही.

आणखी एक. कपाशीच्या पाकिटातलं बी आधीच रंगवलेलं, औषध लावलेलं येतं. त्यावर कल्चर चोळलं तर जगेलच असं नाही. तुमच्याकडे तर ते शेणखतातून तासातच द्या.

पऱ्हाटीवाला_सावनेर | ७ जून, दुपारी ३.४१

हे रंगवलेल्या बियाचं कोणीच नव्हतं सांगितलं. मी त्यावरच चोळलं होतं राजेहो.

नागपुरी_नाना | ७ जून, संध्याकाळी ७.०५

ब्राझीलमध्ये म्हणे सोयाबीनला युरिया जवळपास देतच नाहीत. सगळं जिवाणूंवर. मग आपल्याकडे का नाही होत?

मृदगंध | ७ जून, रात्री ८.५०

खरं आहे. योहाना डोबरायनर नावाच्या बाईंनी तिथे आयुष्य घालवलं यावर. सोयाबीनचा वाण निवडतानाच तो कल्चरवर चांगला वाढतो का हे त्यांनी बघायला लावलं. अलीकडे तिथे ब्रॅडीरायझोबियमसोबत अझोस्पिरिलम हा दुसरा जिवाणूही लावतात. त्यांच्याकडे ताज्या कल्चरची साखळी आहे, शेतकरी दरवर्षी लावतो, आणि तिथल्या मूळ जमिनीत सोयाबीनचे जिवाणू नव्हतेच, म्हणून फरक ढळढळीत दिसला.

आपल्याकडेही सोयाबीन नवीन आलं तेव्हा तसंच होतं. आता धुऱ्यावरच्यांच्या वावरासारख्या ठिकाणी वर्षानुवर्षं सोयाबीन आहे, जिवाणू जमिनीत मुरलेत. पाकिटातल्या नव्या पाहुण्याला या जुन्या गाववाल्यांशी मुळावरच्या जागेसाठी भांडावं लागतं. गाववाले संख्येनं जास्त असतात, जरी नत्र बांधण्यात आळशी असले तरी. त्यामुळे जुन्या सोयाबीनच्या जमिनीत कल्चरचा फरक कमी दिसतो, आणि नव्यानं सोयाबीन घेणाऱ्यानं मात्र ते चुकवू नये.

धुऱ्यावरचा | ७ जून, रात्री ९.१५

म्हणजे लावू की नको?

मृदगंध | ७ जून, रात्री ९.४०

लावा, खर्च थोडा आहे. पण सारं वावर सोडा, चार पट्टे करा: एक कोरा, एक नुसतं कल्चर, एक शेणखत, एक शेणखत आणि कल्चर. मग पुढच्या वर्षी ना दुकानदाराला विचारावं लागेल ना मला. कोरा पट्टा आधी पेरा, नाहीतर तिफणीला लागलेलं कल्चर त्यात जाईल.

लावायची रीत. पुरेसा पाऊस, ७५ ते १०० मिलिमीटर, झाल्याशिवाय पेरणी नाही. कोरड्या तापलेल्या मातीत जिवाणू आधी मरतात, बी नंतर. बुरशीनाशक लावायचं असेल तर दोन-चार दिवस आधी, मग कीटकनाशक, आणि जिवाणू शेवटी, पेरणीच्याच दिवशी. पावडर २५० ग्रॅम १० किलो बियाण्याला, म्हणजे ३० किलोच्या थैलीला तीन पाकिटं. गुळाचं पाणी थंड करून, अगदी हलक्या हातानं. सोयाबीनचं साल कागदासारखं पातळ असतं. गहू-हरभऱ्यासारखं खसाखसा चोळलं, नाहीतर जास्त ओलं केलं, तर साल सुटतं आणि उगवण जाते. मग दोष कल्चरला. बारदान्यावर सावलीत पसरवून सुकवा, उन्हात नाही. खत आणि बी एका चाड्यात मिसळू नका.

धुऱ्यावरचा | ७ जून, रात्री ९.५५

चारही पट्टे करतो. बाबांना कोऱ्या पट्ट्याचं पटवणं हे खरं काम आहे.

धुऱ्यावरचा | १९ जुलै, सकाळी ८.१०

धागा वर काढतो. उगवण चांगली आहे. पण झडीचा पाऊस लागून राहिला अन् सोयाबीन पिवळं पडलं. बाबा युरियाची थैली घेऊन तयार आहेत. काय करू?

नागपुरी_नाना | १९ जुलै, सकाळी ८.२५

द्या थोडा. पिवळं म्हणजे नत्र कमी.

मृदगंध | १९ जुलै, सकाळी ८.४०

थांबा. कोणती पानं पिवळी आहेत, खालची की शेंड्याची? शिरा हिरव्या आहेत का?

धुऱ्यावरचा | १९ जुलै, सकाळी ९.३०

शेंड्याची. शिरा हिरव्या, मधलं पिवळं. खालची पानं हिरवी आहेत. खोलगट भागात जास्त.

मृदगंध | १९ जुलै, सकाळी ९.४८

मग नत्र नाही, लोह आहे. नत्र कमी पडला की आधी जुनी, खालची पानं पिवळी पडतात. चुनखड जमिनीत पाणी साचलं की मुळाला लोह उचलता येत नाही, कोवळी पानं पिवळी होतात. युरियानं काही होणार नाही, उलट गाठी थांबतील. आधी चर काढून पाणी धुऱ्याबाहेर काढा. तुंबलेल्या मातीत हवा नाही, आणि गाठीतल्या जिवाणूंनाही प्राणवायू लागतो. वाफसा आल्यावर डवरणी (ओळींमधली कोळपणी) करा. तरी हिरवं झालं नाही तर फेरस सल्फेटची फवारणी, प्रमाण केंद्रावर विचारून.

धुऱ्यावरचा | ८ ऑगस्ट, संध्याकाळी ७.२०

पाणी काढलं, डवरणी झाली, रंग आला. थैली अजून घरातच आहे, बाबा रोज तिच्याकडे पाहतात.

आज चारही पट्ट्यांतली झाडं फावड्यानं मातीसकट काढली. फोटो टाकतो. कोऱ्या पट्ट्यातही गाठी आहेत! पण बारीक अन् बाजूच्या मुळांवर विखुरलेल्या. कल्चरच्या पट्ट्यात मधल्या सोटमुळावर वरच्या बाजूला मोठ्या गाठींचा घोस आहे.

मृदगंध | ८ ऑगस्ट, रात्री ८.०५

छान काढलीत. बरेच लोक उपटतात आणि गाठी मातीतच राहतात. कोऱ्यातल्या त्या जुन्या गाववाल्यांच्या. सोटमुळावर घोस म्हणजे बी उगवतानाच जिवाणू तिथे हजर होते, म्हणजे तुमचं पाकीट जिवंत होतं. आता गाठी ब्लेडनं कापा. आत लालसर गुलाबी असेल तर काम चालू आहे, तो लेगहिमोग्लोबिनचा, म्हणजे गाठीतल्या रक्तासारख्या लाल द्रव्याचा रंग. पांढरी म्हणजे अजून सुरू नाही किंवा निकामी, हिरवट-तपकिरी म्हणजे संपत आलेली.

धुऱ्यावरचा | ८ ऑगस्ट, रात्री ८.३०

कल्चरच्या जवळपास साऱ्या गुलाबी. कोऱ्यातल्या काही गुलाबी, काही पांढऱ्या. बाबांनी स्वतः कापून पाहिल्या. म्हणाले, "रक्तच आहे लेका."

पऱ्हाटीवाला_सावनेर | ८ ऑगस्ट, रात्री ८.४४

मी बी उद्या सोयाबीनच्या वावरात जाऊन खोदतो.

धुऱ्यावरचा | १९ ऑक्टोबर, रात्री ९.००

मळणी झाली, पट्टे वेगळे मोजले. शेणखत अधिक कल्चर सगळ्यात वर. नुसतं शेणखत त्याच्या बरंच जवळ. नुसतं कल्चर कोऱ्यापेक्षा थोडंच जास्त, पण दाणा भरीव वाटला. भाच्याला हे सांगितलं तर म्हणते, मामा, शेणखत-कल्चरचा पट्टा चढावर होता, तिथे पाणी साचलंच नाही.

मृदगंध | १९ ऑक्टोबर, रात्री ९.२५

भाचा हुशार आहे, त्याला पुढे शिकवा. त्याचं म्हणणं बरोबर आहे. या एका वर्षावरून कल्चरला श्रेय देता येणार नाही, शेणखतालाही पुरतं नाही. पुढच्या साली प्रत्येक प्रकार तीन ठिकाणी टाका, चढावर, मधे, उतारावर, चिठ्ठ्या टाकून. तेवढं केलंत की मी तुमचे आकडे माझ्या वहीत लिहून घेईन.

नागपुरी_नाना | १९ ऑक्टोबर, रात्री ९.४०

आणि दुकानदाराचं काय म्हणणं?

धुऱ्यावरचा | १९ ऑक्टोबर, रात्री ९.५२

त्यानं आता द्रवरूप बाटल्या ठेवल्या आहेत. उन्हातल्या कपाटात. 🙏

ताई, शेवटचं. सोयाबीन निघालेल्या भागात हरभरा टाकून राहिलो. उरलेलं सोयाबीनचं पाकीट वापरू का?

मृदगंध | १९ ऑक्टोबर, रात्री १०.०३

नको. हरभऱ्याचं वेगळं आणा, तारीख बघून. मर रोगासाठी ट्रायकोडर्मा लावणार असाल तर त्या बियाण्याला रासायनिक बुरशीनाशक लावू नका. हरभऱ्याचं साल जाड असतं, चोळायला हरकत नाही. पट्टे मात्र ठेवा.